एक रकाना वाढवा

प्रति,
विजेचं नियोजन करणारे, दर ठरवणारे आणि प्रकल्पांना परवानगी देणारे सर्व जण

विषय : युनिटच्या हिशोबातून सुटलेल्या गोष्टींबाबत

स. न. वि. वि.

मी उपकेंद्रात शिफ्टवर काम केलेला माणूस. आता निवृत्त आहे. धोरणावर बोलायचा माझा अधिकार किती, हे तुम्ही ठरवा, पण लॉगबुकं मी आयुष्यभर भरली आहेत, आणि हे पत्र त्या वहीबद्दलच आहे.

आमच्याकडे एक सर्किट ब्रेकर होता, म्हणजे गरज पडली की प्रवाह तोडणारा मोठा स्विच. त्याच्या गॅसच्या गेजचा काटा दर चार-सहा महिन्यांनी हिरव्या पट्ट्यातून खाली घसरायचा. पॅनलवर दिवा लागायचा, अलार्म वाजायचा. मग स्टोअरमधून सिलिंडर यायचा, नळी जोडली जायची, काटा हळूहळू वर चढून पुन्हा हिरव्यात यायचा. लॉगबुकात ओळ पडायची : ‘गॅस भरला. प्रेशर नॉर्मल.’ पुढे वेळ आणि सही. त्यातल्या कितीतरी सह्या माझ्या आहेत. गॅस भरला, हे आम्ही दर वेळी लिहिलं. आधीचा गेला कुठे, हे एकदाही लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता.

हा गॅस म्हणजे सल्फर हेक्झाफ्लोराइड. आम्ही नुसतं एसएफसिक्स म्हणतो. रंग नाही, वास नाही, हवेच्या पाचपट जड. ब्रेकर उघडताना दोन संपर्कांमध्ये जी ज्वाळा पेटते ती विझवण्यात त्याचा हात धरणारं फारसं काही नाही, म्हणून गेली कित्येक दशकं उच्चदाबाच्या उपकरणांत तो भरला जातो. पेट घेत नाही, शुद्ध असेल तर विषारीही नाही. काम करणाऱ्याच्या दृष्टीने अगदी गुणी. फक्त तो हवेत सुटला की शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 24,000 पट उष्णता अडवतो, आणि विरायला त्याला शेकडो वर्षं लागतात. एक किलो निसटला की 24 टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. कोळशावरच्या वीजकेंद्रात एका युनिटमागे साधारण 900 ग्रॅम ते एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका किलोची गळती ही जवळपास 25 हजार युनिटांच्या धुराइतकी. आमच्या आवारात धुराडं नव्हतं. आम्ही स्वतःला स्वच्छ खात्यातले समजत होतो.

युनिट तयार झाल्यापासून वापरलं जाईपर्यंत त्याला तीन मालक होतात. निर्मितीवाल्याचा हिशोब केंद्राच्या फाटकाशी संपतो. पारेषण-वितरणवाल्याचा मीटरपाशी. मीटरच्या पलीकडे ग्राहक, आणि त्याच्या हातात फक्त बिल. तिघांच्या तीन वह्या, आणि त्या कधीच एकत्र बांधल्या जात नाहीत. हवा, पाणी, जमीन यांचं जे नुकसान होतं, ते बरंचसं या वह्यांमधल्या फटींत पडतं. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे की या वह्या एकत्र बांधा.

सुरुवात उष्णतेपासून करू, कारण सर्वांत मोठी गळती तीच. कोळशाच्या नेहमीच्या संचात जाळलेल्या उष्णतेपैकी 35 ते 40 टक्क्यांची वीज होते. अगदी अत्याधुनिक संचात 45 टक्क्यांच्या आसपास. बाकीची उष्णता पाण्यात आणि हवेत जाते. पाणी थंड करायचे, कंबरेत बारीक असलेले ते अवाढव्य मनोरे तुम्ही पाहिले असतील. प्रदूषणाच्या प्रत्येक बातमीशेजारी हटकून त्यांचाच फोटो असतो. खरं तर त्यातून निघणारा पांढरा लोट बहुतांशी पाण्याची वाफ असते. कार्बन डायऑक्साइड निघतो तो शेजारच्या बारीक, उंच चिमणीतून, आणि तो दिसत नाही. पण फोटोवाल्यांना मी पूर्ण दोष देत नाही, कारण ती वाफ म्हणजेसुद्धा कुणाचं तरी पाणी आहे. अशा मनोऱ्यांतून कोळशाच्या एका युनिटमागे दोन लिटरच्या आसपास पाणी उडून जातं. जिथे मनोरे नाहीत तिथे गरम पाणी थेट नदीत किंवा समुद्रात सोडतात. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. 2003 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या नद्या आधीच इतक्या तापल्या होत्या की अणुवीज केंद्रांना निर्मिती कमी करावी लागली. अणुभट्टीला धूर नसतो, पण पाणी तिलाही लागतंच.

ही उष्णता वाया जायलाच हवी असंही नाही. डेन्मार्कने तेलसंकटानंतर 1979 मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा केला. आज तिथली जवळपास दोन तृतीयांश घरं जमिनीखालच्या नळांतून येणाऱ्या गरम पाण्याने ऊब घेतात, आणि त्यातलं बरंचसं पाणी तापतं ते वीज करताना उरलेल्या उष्णतेवर. तंत्र जुनंच होतं. उरलेल्या उष्णतेचा मालक कोण, हा प्रश्न कुणीतरी कायद्यात लिहिला, एवढाच फरक.

धुराचा इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे त्यावर फार रेंगाळत नाही. डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं बसलं. सुरुवातीला मृतांचा अंदाज 4,000 होता, नंतरच्या अभ्यासांत तो 12,000 पर्यंत गेला. 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढे ब्रिटनमधल्या वीजकेंद्रांनी उंच चिमण्या बांधल्या आणि जवळपासची हवा सुधारली. गंधक मात्र वाऱ्याबरोबर नॉर्वे-स्वीडनपर्यंत पोचलं, तिथल्या तळ्यांत आम्लाचा पाऊस झाला आणि मासे मेले. 1979 मध्ये सीमापार वायुप्रदूषणावर जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार करावा लागला.

राखेचंही तसंच. धुरातली राख विद्युतभारित पट्ट्यांवर पकडायची युक्ती उत्तम आहे. नीट चालली तर 99 टक्क्यांहून जास्त राख चिमणीत जाण्याआधीच अडते. पण अडवलेली राख कुठेतरी ठेवावी लागते. अमेरिकेत टेनेसी राज्यात किंग्स्टन इथे ती पाण्यात कालवून बांधाआड साठवली होती. 22 डिसेंबर 2008 ला मध्यरात्रीनंतर बांध फुटला आणि चाळीस लाख घनमीटरहून जास्त राखेचा चिखल सुमारे 300 एकरांवर आणि नदीत पसरला. आर्सेनिक, शिसं असं कोळशातलं जे जे जळत नाही, ते बरंचसं राखेत आणखी दाट होऊन राहिलेलं असतं. त्या केंद्राच्या हवेच्या वहीत ही राख ‘पकडली’ म्हणून जमेच्या बाजूला असणार. ती पुढे कुठल्या वहीत गेली?

आता पाण्याच्या विजेकडे येतो, कारण इथे आमच्या क्षेत्रातली माणसंसुद्धा हात झटकतात. ‘जलविद्युत म्हणजे स्वच्छ’ असं आम्ही शिकलो, शिकवलं. बहुतेक ठिकाणी कार्बनच्या बाबतीत ते खरंही आहे. पण ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात उआतुमा नदीवर 1980 च्या दशकात बाल्बिना धरण बांधलं. जमीन सपाट, त्यामुळे पाणी खोल साठण्याऐवजी पसरलं. 250 मेगावॅटसाठी 2,300 चौरस किलोमीटरहून अधिक जंगल पाण्याखाली गेलं. मोठ्या कोळसा केंद्रातला एकच संच याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा असतो, यावरून प्रमाण लक्षात येईल. झाडं बरीचशी न तोडताच बुडवली. ती पाण्याखाली कुजत राहिली आणि त्यातून मिथेन निघत राहिला. अभ्यासकांच्या हिशोबाने तिथल्या एका युनिटमागचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन कोळशाच्या युनिटपेक्षाही जास्त ठरलं. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, 2014 मध्ये वेगवेगळ्या स्रोतांच्या पूर्ण आयुष्यातल्या उत्सर्जनाचा तक्ता दिला होता. त्यात जलविद्युतचा मधला आकडा युनिटमागे 24 ग्रॅम आणि सर्वांत वरचा 2,200 ग्रॅम आहे. एकाच नावाखाली इतकं अंतर! आणि परवानगीच्या फायलीवर शब्द एकच : जलविद्युत.

नैसर्गिक वायूचंही असंच. चिमणीपाशी मोजलं तर कोळशाच्या निम्म्या आसपास. पण वायू विहिरीतून, नळातून, साठवणीतून येतो आणि वाटेत गळतो. मिथेन वीस वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट मारक. कॅलिफोर्नियात आलिसो कॅन्यन इथल्या भूमिगत साठ्यातली एक विहीर ऑक्टोबर 2015 ते फेब्रुवारी 2016 गळत होती. सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला. जो वायू कुठल्याच केंद्रात जळला नाही, त्याचा डाग एकाही युनिटच्या हिशोबावर पडला नाही.

यानंतर माझं घर, म्हणजे तारा. तुमच्या अहवालांत हे प्रकरण नेहमी सर्वांत छोटं असतं. जगभरात पाठवलेल्या विजेपैकी सरासरी सुमारे 8 टक्के वीज वाटेत जाते. त्यातली बरीच तारा आणि रोहित्रं तापण्यात, काही चोरीत आणि चुकीच्या मीटरमध्ये. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता चौपट होते, हे शाळेतलं गणित. म्हणूनच दाब वाढवून प्रवाह कमी करायचा. पण शेवटच्या टप्प्यात, लघुदाबाच्या लांबलचक वाहिन्यांवर, हे गणित मोडतं. रात्री थर्मल कॅमेऱ्यातून लाइन पाहिली आहे तुम्ही कधी? सगळं काळंनिळं दिसतं आणि मधेच एक सैल जोड पांढरा रखरखीत चमकतो. तो जोड चोवीस तास वीज खातो. त्याच्यापायी कुठेतरी जास्तीचा कोळसा जळतो. वायरमनने शिडी लावून दोन नट आवळले की तो डाग विझतो. असे नट आवळण्याची योजना जाहीर करायला फीत कापता येत नाही, हीच तिची अडचण असावी.

तारा नुसत्या वीज खात नाहीत. माळढोक आणि त्याच्या जातकुळीचे मोठे, जड पक्षी उडताना खाली जमिनीकडे बघतात, आणि त्यांच्या डोळ्यांची ठेवण अशी की मान खाली गेली की समोरचं दिसतच नाही. समोर तार आली तर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, आणि एवढं वजन ऐन वेळी वळवता येत नाही. भारतात याच कारणावरून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकच्या अधिवासात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. 2024 मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला, कारण त्याच वाळवंटी भागातून सौरऊर्जेच्या तारा जाणार होत्या. एका बाजूला हवामान, दुसऱ्या बाजूला संपत चाललेला पक्षी. ही निवड सोपी आहे असं मी म्हणणार नाही. पण तारेचा मार्ग आखतानाच पक्ष्यांचा नकाशा टेबलावर असता, तर न्यायालयापर्यंत जावं लागलं नसतं.

आणि आता एका लोखंडी हुकाची गोष्ट. 8 नोव्हेंबर 2018 ला कॅलिफोर्नियात पॅराडाइज नावाचं गाव जवळजवळ अख्खं जळालं. 85 माणसं गेली. आग लागली ती एका पारेषण मनोऱ्यावरून. लाइन सुमारे शंभर वर्षं जुनी. विद्युतरोधकांची माळ ज्या हुकाला टांगलेली होती तो वाऱ्यात हलून हलून दशकानुदशकं झिजत गेला, आणि त्या सकाळी तुटला. सुटलेली जिवंत तार मनोऱ्याच्या लोखंडाला भिडली आणि ठिणग्या खालच्या वाळक्या गवतात पडल्या. 2020 मध्ये वीज कंपनीने न्यायालयात सदोष मनुष्यवधाचे 84 गुन्हे कबूल केले. मी त्या हुकाचा फोटो बराच वेळ बघत बसलो होतो. असे हूक मी हातात धरले आहेत. तळहातापेक्षा थोडे मोठे असतात.

वापराबद्दल लिहिताना मात्र सांभाळून लिहायला हवं, कारण इथे तुम्ही लगेच लोकांना उपदेश करायला लागता. जुना पिवळा बल्ब घ्या. कोळशातल्या उष्णतेचे 100 भाग धरले तर वीज झाली 36 भाग, वाटेत गळून घरी पोचले 33, आणि बल्बने त्यातल्या जेमतेम 5 टक्क्यांचा उजेड केला. म्हणजे शंभरातले पावणेदोन भाग सुद्धा नाहीत. पण हीच साखळी उलटी चालवली की माझ्यासारख्याला आनंद होतो : मीटरपाशी एक युनिट वाचलं तर तिकडे तीन युनिटांएवढ्या उष्णतेचा कोळसा वाचतो. जिथे 60 वॅटचा बल्ब होता तिथे 8-9 वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. इतका स्वस्त वीजप्रकल्प तुमच्या कुठल्याच यादीत नसेल.

तरीही वापर घटेलच याची खात्री नाही. जेव्हन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच दाखवलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळसा खाऊ लागली तसा कोळशाचा एकूण खप वाढला. आज एसीचं तेच होतंय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं की जगातली सुमारे 10 टक्के वीज एसी आणि पंखे घेतात, आणि तेव्हाचे 160 कोटी एसी 2050 पर्यंत 560 कोटी होतील. एसी खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही. ती बाहेर फेकतो, वर स्वतःच्या मोटरची भर घालून. ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या खिडकीशी ती जाते. आत भरलेला वायूही बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो ते दोन हजार पट तापवणारा. 2016 च्या किगाली कराराने त्याचं प्रमाण उतरवायचं ठरलं आहे, पण जुना एसी भंगारात देताना नळी सरळ कापली जाते तेव्हा तिथे करार वाचायला कुणी नसतं.

ज्यांच्या चुलीपर्यंत युनिट पोचलंच नाही त्यांना ‘कमी वापरा’ म्हणणं तर चेष्टाच होईल. जगात दोनशे कोटींहून जास्त लोक अजून लाकूड, शेणी, कोळसा, रॉकेल यांवर स्वयंपाक करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 मध्ये घरातल्या धुराने 32 लाख माणसं दगावली. ऊर्जेमुळे होणाऱ्या प्रदूषणाच्या मोठ्या बळींत हे येतात, आणि ते कुठल्याही वीजकंपनीच्या वहीत मोजले जात नाहीत. त्यांचा वापर वाढायला हवा. वाढवा.

आणखी एक गोष्ट शिफ्टवाल्यालाच दिसते. दुपारी एकचं युनिट आणि रात्री आठचं युनिट सारखं नसतं. दुपारी सौरऊर्जा इतकी येते की अनेक ग्रिडमध्ये ती बंद करायला सांगावं लागतं. सूर्य मावळला की लोडचा काटा झपाझप चढतो आणि तो भार कोळसा नाहीतर गॅस उचलतो. साध्या मीटरला दोन्ही सारखीच. ब्रिटनमध्ये 2017 पासून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या विजेमागे किती कार्बन आहे याचा अंदाज सर्वांसाठी खुला आहे. पाण्याची टाकी कधी भरायची, गाडी कधी चार्ज करायची, हे त्यावरून कुणीही ठरवू शकतो. त्याच देशाने 30 सप्टेंबर 2024 ला आपलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद केलं.

माझ्या या तक्रारींचा आधार घेऊन कुणी ‘सगळेच स्रोत सारखेच वाईट’ असं म्हणू नये. आयपीसीसीच्या त्याच तक्त्यात कोळसा 820 ग्रॅम आहे, सौर 48 आणि पवन 11. फरक सतरा पटींचा, चौऱ्याहत्तर पटींचा आहे आणि कोळसा जायलाच हवा. पण सौर पॅनेलचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षं. 2016 च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजात 2050 पर्यंत 7 कोटी 80 लाख टन पॅनेल भंगारात निघू शकतील असं म्हटलं होतं. ती काच, ते शिसं, ती चांदी कोण उचलणार, हे पॅनेल बसवतानाच लिहून घ्या. राखेच्या वेळी ते राहून गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढा हिशोब ठेवणार कोण? आम्ही दर तासाला व्होल्टेज, अँपिअर, रोहित्राच्या तेलाचं तापमान हाताने लिहीत आलो आहोत. रात्री तीन वाजतासुद्धा. लिहिणारे हात तुमच्याकडे आहेत. परवानगीच्या अर्जात, दरनिश्चितीच्या सुनावणीत आणि ग्राहकाच्या बिलात पाणी, राख, गळती आणि कार्बन यांचे रकाने हवेत, आणि ते एका फायलीतून दुसरीत जुळायला हवेत. रुपया-पैशाचा ताळा जसा जुळवता तसा.

त्या ब्रेकरचं पुढे काय झालं ते सांगतो. आमच्याकडे एक ज्युनिअर इंजिनिअर नवीन आली होती. ती आल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या वेळी गॅस भरायला निघालो तेव्हा ती म्हणाली, “काका, सिलिंडर आधी आणि नंतर वजन करून बघू या का?” स्टोअरमधला वजनकाटा ओढत आणला. तिने लॉगबुकाच्या पानावर पट्टीने एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं : ‘गेलेला गॅस, किलो’. वरिष्ठ कुरकुरले, छापील वही खराब केली म्हणून. तीन नोंदी झाल्यावर बेरीज त्यांनीच केली, आणि ब्रेकर दुरुस्त करा असं जे पत्र आम्ही वर्षानुवर्षं पाठवत होतो त्याचं उत्तर पहिल्यांदा आलं. ब्रेकर सोडवला तर एका फ्लँजच्या जोडातली रबराची रिंग कडक होऊन तडकलेली होती. ती बदलली. मी निवृत्त होईपर्यंत त्या ब्रेकरला पुन्हा सिलिंडर लावावा लागला नाही.

कळावे,

आपला,
एक निवृत्त उपकेंद्र चालक